फायनल इयरचा प्रोजेक्ट: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं मुंबईतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची आहेत. विषय कोणता घ्यावा, असं फार थोड्यांनी विचारलंय. घेतलेला विषय मध्येच अडलाय, हीच बहुतेकांची तक्रार. त्यातले सगळ्यांच्या कामाचे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न: सखल भागात पाणी साचलं की एसएमएस पाठवणारं यंत्र आम्ही करतोय. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, आर्डुइनो उनो बोर्ड आणि मोबाइल नेटवर्कवरून एसएमएस पाठवणारं सिम८००एल हे जीएसएम मॉड्यूल वापरलंय. टेबलावर सेन्सर नीट चालतो, पण एसएमएस पाठवायची वेळ आली की मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होतं. लॅमिंग्टन रोडवरून दोनदा मॉड्यूल बदलून आणलं, तरी तेच. (इलेक्ट्रॉनिक्स, परळ)

तिसरं मॉड्यूल आणू नका. मॉड्यूल चांगलं आहे, त्याला वीज पुरत नाही. सिम८००एल नेटवर्कशी बोलताना क्षणभरासाठी २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. आर्डुइनोची ५ व्होल्टची पिन यूएसबीवर चालत असेल, तर तिथून साधारण अर्धा अँपिअर मिळतो, आणि ३.३ व्होल्टची पिन तर त्याच्या जवळपासही जात नाही. करंट कमी पडला की व्होल्टेज खाली बसतं आणि मॉड्यूल रीसेट होतं. शिवाय या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्टच चालतात, म्हणजे थेट ५ व्होल्ट देणंही चूकच.

१२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर आणि एलएम२५९६चं बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं) मॉड्यूल घ्या. जीएसएम जोडण्याआधी मल्टिमीटर लावून कन्व्हर्टरचा छोटा स्क्रू फिरवा आणि आउटपुट ४.० ते ४.१ व्होल्टवर आणा. आधी जोडून मग स्क्रू फिरवला तर मॉड्यूल जळतं, कारण नवीन कन्व्हर्टर बऱ्याचदा जास्त व्होल्टेजवर ठेवलेला असतो. मॉड्यूलच्या व्हीसीसी (वीज आत घेणारी) आणि ग्राउंडच्या पिनांना अगदी लागून १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा, शेजारी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक. कपॅसिटर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलात तर उपयोग नाही. वीज ब्रेडबोर्डमधून नेऊ नका. त्याच्या पत्र्यांत आणि बारीक जंपर वायरींमध्येच व्होल्टेज पडतं. जाड, आखूड वायर थेट सोल्डर करा. आर्डुइनो आणि कन्व्हर्टर यांचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवं. हे राहून गेलं की सीरियल मॉनिटरवर अगम्य अक्षरं दिसतात आणि सगळे कोडमध्ये चूक शोधत बसतात.

आर्डुइनोच्या टीएक्समधून (संदेश पाठवणाऱ्या पिनेतून) ५ व्होल्ट निघतात, ते मॉड्यूलच्या आरएक्सला (संदेश घेणाऱ्या पिनेला) जास्त होतात. मध्ये १० किलोओमचे दोन रेझिस्टर लावून २.५ व्होल्ट करा, तेवढे पुरतात.

आता बोर्डावरच्या दिव्याकडे बघा. सेकंदाला साधारण एकदा लुकलुकला तर नेटवर्क शोधतोय, तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर नेटवर्क मिळालंय. काही वेळ भराभर लुकलुकून थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, असं दिसलं तर अजूनही वीजच कमी पडते आहे. हे मॉड्यूल फक्त टूजीवर चालतं. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे ते सिम कधीच लागणार नाही. टूजी चालू असलेल्या कंपनीचं सिम घ्या आणि त्याचा पिन लॉक आधी फोनमध्ये घालून काढून टाका. मग सीरियल मॉनिटरवरून मॉड्यूलला ‘एटी’ ही आज्ञा पाठवून ‘ओके’ येतं का बघा. ‘एटी+सीएसक्यू’ला १०च्या वर आकडा आला तर सिग्नल ठीक आहे, ९९ आला तर सिग्नल नाही. ‘एटी+सीआरईजी?’ला ०,१ किंवा ०,५ आलं म्हणजे नोंदणी झाली. हे तिन्ही जमेपर्यंत एसएमएसच्या कोडला हात लावू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सेन्सरबद्दलही सांगायला हवं. एचसी-एसआर०४ या नेहमीच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची जाळी उघडी असते, पाणी साचणाऱ्या हिंदमातासारख्या ठिकाणी पावसात ती टिकणार नाही. जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यापासून बंदिस्त सेन्सर घ्या. मात्र तो साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजू शकत नाही, म्हणून सर्वांत जास्त पाणी चढेल त्या पातळीच्याही तेवढा वर बसवा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलात तर तो २० अंश सेल्सिअसचा आहे. ३० अंशांना तो ३४९च्या आसपास असतो, म्हणजे २ मीटरवर साडेतीन सेंटिमीटरची चूक. तापमान मोजून सूत्रात घाला: ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान. पाण्यावर प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत येतात आणि एखादंच वाचन भलतं येतं. नऊ वाचनं घेऊन त्यांची सरासरी काढण्याऐवजी ती चढत्या क्रमाने लावून त्यातलं मधलं घ्या, भलतं वाचन आपोआप बाजूला पडतं.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कॅलेंडर. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातो. आठव्या सेमिस्टरचा व्हायवा (तोंडी परीक्षा) त्याआधीच, उन्हाळ्यात होतो. खऱ्या पावसातल्या नोंदी तुम्हाला सातव्या सेमिस्टरच्या पहिल्या तीन महिन्यांतच मिळतील. तोवर यंत्र अर्धवट असेल तरी हरकत नाही, सेन्सर आणि मेमरी कार्ड एवढंच बसवून नोंदी गोळा करा. पावसाळा गेला असेल तर दोनशे लिटरच्या पिंपात पट्टी लावून पाणी भरा, दर ५ सेंटिमीटरला पट्टीचं आणि सेन्सरचं वाचन शेजारी शेजारी लिहा, आणि रिपोर्टमध्ये ‘पिंपातली चाचणी’ असंच सांगा.

प्रश्न: ईएसपी३२ हा वायफाय असलेला बोर्ड आणि एमक्यू-१३५ हा वायूंचा सेन्सर वापरून ‘मुंबईचा एक्यूआय’ (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) दाखवणारं ॲप करतोय. वायफाय सुरू केलं की सेन्सरचं वाचन येईनासं होतं. शिवाय गाइड म्हणतात की हा एक्यूआय नाहीच. (आयटी, चेंबूर)

पहिली अडचण सोपी आहे. ईएसपी३२मध्ये ॲनालॉग वाचनाचे दोन भाग आहेत, आणि दुसरा भाग वायफाय चालू असताना वापरता येत नाही. जीपीआयओ (बोर्डावरचा पिन क्रमांक) २५, २६, २७ या पिना त्या दुसऱ्या भागात येतात. वायर ३२ ते ३९ यांपैकी एका पिनेवर हलवा. एमक्यू-१३५ ५ व्होल्टवर चालतो आणि त्याचं आउटपुट ३.३च्या वर जाऊ शकतं, म्हणून मध्ये दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर हवाच, नाहीतर पिन जाते.

दुसऱ्या मुद्द्यावर तुमचे गाइड बरोबर आहेत. आपल्याकडच्या एक्यूआयसाठी किमान तीन प्रदूषकांची मोजमापं लागतात, त्यांपैकी एक पीएम२.५ किंवा पीएम१० (हवेतले बारीक धूलिकण) असावंच लागतं, आणि पीएमसाठी २४ तासांची सरासरी घेतात. एमक्यू-१३५ अनेक वायूंना एकत्र प्रतिसाद देतो, त्यातला कोणता वायू किती आहे हे त्याला सांगता येत नाही. धूलिकण तर तो मोजतच नाही. त्याच्या आकड्याला एक्यूआय म्हटलंत तर एक्स्टर्नलचा (बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचा) पहिलाच प्रश्न तिथे येईल.

विषय बदलू नका, शीर्षक आवळा: ‘कमी खर्चाच्या सेन्सरने पीएम२.५ मोजणं आणि त्याची अचूकता तपासणं’. पीएमएस५००३सारखा लेझर सेन्सर घ्या. त्याला वीज ५ व्होल्ट लागते, पण सिग्नल ३.३ व्होल्टचा असल्याने ईएसपी३२ला थेट जोडता येतो. सुरू केल्यावर निदान ३० सेकंदांची वाचनं टाकून द्या. त्याचा छोटा पंखा बंद डब्यात कोंडू नका, हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची भोकं वेगळी ठेवा. सोबत आर्द्रतेचा सेन्सर हवाच. दमट हवेत धूलिकण पाणी शोषून फुगतात आणि प्रकाशाने मोजणारा सेन्सर ते जास्त दाखवतो. मुंबईत हा दोष लपत नाही, आणि तोच तुमच्या प्रोजेक्टचा गाभा होऊ शकतो.

सायन, कुर्ला, पवई इथे सरकारी मापन केंद्रं आहेत आणि त्यांचे तासागणिक आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांपैकी एखाद्या केंद्राजवळ ओळखीच्या घराची बाल्कनी शोधा, आठवडाभर सेन्सर ठेवा. तासाच्या सरासरीचे १६८ बिंदू मिळतील. ते केंद्राच्या आकड्यांसमोर मांडा, रेषा बसवा, सरासरी चूक किती मायक्रोग्रॅम ते सांगा. मग आर्द्रतेची दुरुस्ती लावून चूक किती कमी झाली ते दाखवा. ॲप नसलं तरी हा प्रोजेक्ट उभा राहतो.

प्रश्न: रस्त्यावरचे खड्डे ओळखणारं मॉडेल केलंय. लॅपटॉपवर ९९ टक्के ॲक्युरसी येते, पण आम्ही स्वतः एलबीएस मार्गावर काढलेले फोटो दिले की काहीच ओळखत नाही. (कॉम्प्युटर, मुलुंड)

तुमच्या पत्रातच कारण आहे: फोटो व्हिडिओमधून कापून घेतलेत आणि मग सरमिसळ करून ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्ट (मॉडेल तपासायचे) अशा दोन गटांत वाटलेत. एकाच व्हिडिओच्या शेजारशेजारच्या फ्रेम जवळपास सारख्याच असतात. म्हणजे टेस्टमधला खड्डा मॉडेलने ट्रेनिंगमध्ये आधीच पाहिलेला आहे. वाटणी फोटोंची नको, रस्त्यांची करा. जो रस्ता टेस्टमध्ये, त्याची एकही फ्रेम ट्रेनिंगमध्ये नसावी. फोटो फिरवून, उजेड बदलून संख्या वाढवायची असेल तर तीही वाटणीनंतर, आणि फक्त ट्रेनिंगच्या फोटोंवर. आकडा धाडकन खाली येईल. तो खरा आकडा आहे, तोच रिपोर्टमध्ये लिहा.

शिवाय नुसती ॲक्युरसी सांगू नका. समजा २०० टेस्ट फोटोंत २० खड्ड्यांचे आहेत. प्रत्येक फोटोला ‘खड्डा नाही’ म्हणणारं निरुपयोगी मॉडेलही ९० टक्के मिळवतं. दुसरं मॉडेल २०पैकी १५ खड्डे पकडतं आणि १० ठिकाणी उगाच खड्डा दाखवतं, त्याची ॲक्युरसी ९२.५. दोन आकड्यांत फरक दिसतच नाही. पण दुसऱ्याचा रिकॉल (खऱ्या खड्ड्यांपैकी किती पकडले) ७५ टक्के आणि प्रिसिजन (दाखवलेल्या खड्ड्यांपैकी किती खरे) ६० टक्के आहे, पहिल्याचा रिकॉल शून्य. कन्फ्युजन मॅट्रिक्स (कुठे बरोबर, कुठे चूक याचा तक्ता) छापा आणि सुटलेले पाचही खड्डे फोटोंसह दाखवा. त्यात पाण्याने भरलेले, झाडाच्या सावलीतले किती, ते लिहा. व्हायवाला यावरच सगळ्यात चांगली चर्चा होते.

गूगलच्या कोलॅबचं फुकट सत्र मध्येच तुटतं. दर इपॉकनंतर (ट्रेनिंगच्या फेरीनंतर) मॉडेल ड्राइव्हवर सेव्ह होईल असं कोडमध्येच घाला.

प्रश्न: चौघांचा ग्रुप आहे, काम दोघंच करतो. गाइडना सांगावं का? (अंधेरी)

सांगा, पण तक्रार म्हणून नको, वाटणी म्हणून. एका पानावर चार भाग, प्रत्येकापुढे एक नाव, एक तारीख आणि ‘झालं’ म्हणजे नेमकं काय, हे लिहा. ‘डेटाबेस करणे’ असं लिहिलं तर कोणीच अडकत नाही. ‘नोंद टाकली की दोन सेकंदांत ॲपवर दिसली पाहिजे’ असं लिहिलं की काम झालं की नाही ते सगळ्यांना कळतं. त्या पानावर चौघांच्या आणि गाइडच्या सह्या घ्या. कोड गिटवर (कोणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर) ठेवा, प्रत्येकाने आपापल्या खात्यातूनच बदल नोंदवायचे (कमिट करायचं).

प्रश्न: तयार प्रोजेक्ट विकत मिळतो. वेळ उरलेला नाही, घ्यावा का? (बोरिवली)

नाही. तो घेऊनही तुमचा वेळ वाचत नाही. एक्स्टर्नल विचारतात, ‘ही मर्यादा ३०ऐवजी ४० करून दाखवा’, आणि ती ओळ कुठे आहे हेच माहीत नसतं. त्यापेक्षा स्वतःच्या प्रोजेक्टचा पसारा कापा. ॲप, क्लाउड, नोटिफिकेशन सगळं बाजूला ठेवा. एक सेन्सर, एक निर्णय, एक आउटपुट एवढी साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू करा आणि तिची मोजमापं घ्या. छोटं पण स्वतःचं, चालणारं काम घेऊन आलेल्या मुलांशी परीक्षक समजून वागतात.

प्रश्न: ब्लॅक बुकची (प्रोजेक्टच्या छापील रिपोर्टची) सिमिलॅरिटी, म्हणजे इतर लेखनाशी जुळणारा मजकूर, ३८ टक्के आली. आता? (कुर्ला)

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० ही पहिली पातळी, तिच्यात मजकूर सुधारून पुन्हा द्यायचा असतो. कॉलेजची स्वतःची मर्यादा वेगळी असू शकते, ती आधी विचारा. मग तपासणी नीट लावली होती का बघा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि ठरलेली सूत्रं मोजणीतून वगळायची असतात. उरलेली टक्केवारी बहुधा लिटरेचर सर्व्हेमध्ये असते. शब्द बदलत बसू नका. पेपर बंद करा आणि प्रत्येकाबद्दल तीन वाक्यं आठवून लिहा: त्यांनी काय मोजलं, कशाने, आणि तुमच्या कामाला त्यातलं काय उपयोगी पडलं. कोड पानंच्या पानं छापू नका, महत्त्वाचे तुकडे पुरेत. बाइंडिंगला देण्याआधी डावीकडचा समास दीड इंच आहे ना ते पाहा, नाहीतर ओळींची सुरुवात शिवणीत जाते.

प्रश्न: घरी चालतं, कॉलेजच्या डेमोला बंद पडतं. का? (विक्रोळी)

लोकलच्या गर्दीत ब्रेडबोर्डच्या वायरी सैल होतात. महिनाभर आधी सगळं झीरो पीसीबीवर (सोल्डरिंगसाठी भोकं असलेल्या साध्या बोर्डावर) सोल्डर करा आणि वायरींच्या मुळाशी हॉट ग्लू लावा. दुसरं कारण वायफाय. कॉलेजच्या नेटवर्कला ब्राउझरमधून लॉगिन लागतं, ते ईएसपी३२ला जमत नाही. फोनचा हॉटस्पॉट वापरा, पण तो २.४ गिगाहर्ट्झवर हवा, ५वर ही चिप जोडलीच जात नाही. आयफोन असेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करा. नाव आणि पासवर्ड कोडमध्ये आहे तोच ठेवा, आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही त्याच नावाचा हॉटस्पॉट तयार ठेवा. चालू यंत्राचा दोन मिनिटांचा सलग, न कापलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हवर असू द्या.