अमेरिकेत लॉटरी आणि दुकानदारांसाठी जे कॉमन टेक्नॉलॉजी स्टँडर्ड आलंय ते नेमकं काय आहे, आणि आपल्याकडं आलं तर छोट्या दुकानदाराला काय मिळणार?

तुम्ही लिहिलंय की जालन्यात जनरल स्टोअर आहे, काउंटरवर राज्य लॉटरीची तिकिटं ठेवावी का असा विचार चाललाय, आणि कुठंतरी वाचलं की अमेरिकेत लॉटरीवाले आणि दुकानदार एकच स्टँडर्ड वापरायलेत म्हणून त्यांचं जमायला लागलंय. दोन्हीचं उत्तर एकातच देतो, जरा लांबेल.

माझा संबंध असा की नांदेडहून हैदराबादला जाऊन काही वर्षं एका कंपनीत होतो, अमेरिकेतल्या पेट्रोल पंपावरच्या दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा सपोर्ट, सगळी नाइट शिफ्ट. तिथं ज्या तक्रारी यायच्या त्यात लॉटरीचा हिशेब जुळत नाही ही तक्रार कायम असायची. आता गावाकडंच दुकानांना बिलिंग बसवून देतो. लॉटरी मी खेळत नाही, खेळा असंही सांगत नाही, फक्त काउंटरच्या आतल्या बाजूनं काय दिसतं ते सांगतो.

आधी तिथली रचना. अमेरिकेत लॉटरी राज्यांची. १९६४ ला न्यू हॅम्पशायरनं सुरू केली, आज ४५ राज्यांत आहे (अलाबामा, अलास्का, हवाई, युटा आणि नेवाडा सोडून, आणि हो, नेवाडा म्हणजे तेच लास वेगासवालं राज्य, तिथं लॉटरी नाही). आता प्रत्येक राज्य आपापलं टेंडर काढतं, कुठं एक कंपनी मशीन पुरवते कुठं दुसरी, जगात हे काम करणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच पण प्रत्येकीचं मशीन वेगळं, रिपोर्ट वेगळा, फाइलचा फॉरमॅट वेगळा. म्हणजे ज्या चेनची दुकानं आठ-दहा राज्यांत आहेत तिच्या अकाउंट्सवाल्यांना दर आठवड्याला आठ-दहा तऱ्हेचे कागद समोर घेऊन बसावं लागायचं.

आणि ते लॉटरीचं मशीन बिलिंग मशीनशी बोलतच नाही! काउंटरवर दोन वेगळे डबे. गिऱ्हाइकानं दूध, सिगारेट आणि पॉवरबॉलची (तिथली आकडे निवडायची मोठी लॉटरी) दोन तिकिटं मागितली तर दूध-सिगारेट इकडं स्कॅन, तिकीट तिकडच्या मशीनवर काढायचं आणि मग इकडं हातानं लॉटरी म्हणून ४ डॉलर टाकायचे. पोरगं घाईत ४ च्या ऐवजी ४० दाबलं की रात्री गल्ला जुळत नाही. त्यात बक्षीसही काउंटरवरच द्यायचं, बऱ्याच राज्यांत ६०० डॉलरच्या आतलं बक्षीस दुकानदारच देतो, म्हणजे गल्ल्यातून पैसे बाहेर जायलेत आणि बिलिंगला त्याचा पत्ता नाही.

स्क्रॅचची, म्हणजे खरवडून बक्षीस बघायची, तिकिटं हा तर वेगळाच ताप. ती बुकानं येतात, प्रत्येक तिकिटावर गेम नंबर, बुक नंबर आणि तिकिटाचा नंबर. बुक विकायला काढायच्या आधी मशीनवर ॲक्टिव्हेट करावं लागतं, न केलेलं चोरीला गेलं तर त्या तिकिटांवर बक्षीस मिळत नाही म्हणून लॉटरीचं नुकसान नाही. पण एकदा ॲक्टिव्हेट झालं की ते दुकानदाराच्या नावावर, आणि नियमानुसार काही दिवसांनी किंवा त्यातली बक्षिसं ठरावीक प्रमाणात घेतली गेली की लॉटरी त्या बुकाचे पैसे थेट बँक खात्यातून ओढून घेते, तुमची सगळी तिकिटं विकली का नाही हे बघत नाही. म्हणून प्रत्येक शिफ्टला पोरं बसून मोजतात, सकाळी अमुक नंबरपासून सुरू, संध्याकाळी अमुक नंबरवर थांबलं. वहीत.

कमिशन किती, तर तिकडं ढोबळ ५ ते ६ टक्के. समजा १० डॉलरचं तिकीट आहे, ५ टक्क्यानं ५० सेंट सुटले. एक तिकीट गहाळ झालं तर ते १० डॉलर भरून काढायला वीस तिकिटं विकावी लागतात. ३० तिकिटांचं आख्खं बुक गेलं तर सहाशे तिकिटं. शिवाय पॉवरबॉलचं २ डॉलरचं तिकीट कुणी कार्डावर घेतलं तर १० सेंट कमिशनमधले निम्मे बँकेची फी खाते, म्हणून कित्येक दुकानांत लॉटरीला फक्त रोख चालते. एवढ्या बारीक मार्जिनवर हिशेबात धूसरपणा आला की भांडण ठरलेलंच, दुकानदार म्हणतो लॉटरीनं जास्त कापले, लॉटरी म्हणते तुमच्या पोरानं खाल्ले, आणि कुणाकडंच दाखवायला नीट काही नाही.

तर स्टँडर्ड म्हणजे काय, ह्याच जागेवर केलेलं काम. तिथल्या राज्यांच्या लॉटऱ्यांची नास्पल नावाची संघटना आहे, १९७१ पासूनची, आणि पेट्रोल पंपांवरच्या दुकानांची स्टँडर्ड ठरवणारी कोनेक्सस म्हणून संस्था आहे, तिनं आधीच बिलिंग मशीन आणि मागच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर यांच्यात डेटा कसा जावा हे ठरवून दिलेलं होतं. कल्पना अशी की लॉटरीवाले, मशीनवाल्या कंपन्या आणि दुकानांच्या चेन यांनी एकत्र बसून ठरवायचं की कुठल्याही राज्याच्या लॉटरीची सिस्टिम कुठल्याही दुकानाच्या बिलिंगशी एकाच भाषेत बोलेल. एक भाग विक्रीचा, म्हणजे दूध-सिगारेटच्या त्याच बिलात तिकीट निघावं, वेगळं मशीन नको. दुसरा भाग हिशेबाचा, म्हणजे किती विकलं, किती बक्षीस दिलं, कुठलं बुक कधी ॲक्टिव्हेट झालं, कमिशन किती आणि खात्यातून किती ओढणार, हे सगळं सगळ्या राज्यांकडून एकाच साच्यात यावं.

बातम्यांत पहिल्या भागाचं कौतुक जास्त, कारण ते दिसायला भारी आहे, सुपरमार्केटच्या लाइनीत उभ्या उभ्या तिकीट. माझं मत विचाराल तर खरा माल दुसऱ्या भागात आहे. दुकानदाराला तिकीट कुठून निघतं याच्याशी काय देणंघेणं, त्याला रात्री शटर ओढताना माझा आकडा आणि लॉटरीचा आकडा एकच आहे एवढं पाहिजे. तो एक झाला की चेनवाले स्वतःहून लॉटरी ठेवायला तयार होतात, आणि लॉटरीला पण चोरी कुठं होतीय ते आठवड्याच्या शेवटी नाही, त्याच दिवशी कळतं.

आपल्याकडं हे समजायला क्यूआर कोडचं बघा. पाच-सहा वर्षांपूर्वी वॉलेटवाल्यांचे क्यूआर वेगवेगळे असायचे, एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटला चालंलच असं नाही, काउंटरवर स्टिकरांची रांग. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२० ला सांगितलं की ३१ मार्च २०२२ पर्यंत सगळ्यांनी एकमेकांना चालणाऱ्या कोडवर या. आता अंबडच्या चहावाल्याकडं पण एकच स्टिकर आणि कुठल्याही ॲपनं पैसे जातात. फरक एवढाच की इथं वरून हुकूम देणारी रिझर्व्ह बँक होती, अमेरिकेतल्या लॉटऱ्यांवर असं कुणीच नाही, प्रत्येक राज्य आपल्या मनाचं राजा, म्हणून तिथं स्टँडर्ड कागदावर तयार झालं तरी ते टेंडरमध्ये घालायचं का नाही हे ते राज्यच ठरवणार. जुनं कंत्राट संपल्याशिवाय नवं येत नाही आणि ही कंत्राटं लांबच लांब असतात. म्हणून तुम्ही वाचलं तसं सगळीकडं सुरू झालंय असं समजू नका.

आता जे स्टँडर्डनं होत नाही ते. वायर जोडली म्हणजे माणूस सरळ झाला असं नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं प्रकरण ह्यात सगळ्यांनी वाचावं असं आहे. २००१ ला बॉब एडमंड्स नावाचे म्हातारे गृहस्थ तिकीट तपासायला दुकानात गेले, दुकानवाल्यांनी तिकीट ठेवून घेतलं आणि अडीच लाख डॉलर स्वतःच्या नावावर उचलले. एडमंड्स लॉटरीकडं तक्रार करत राहिले आणि लॉटरी उलट त्यांच्याशीच कोर्टात भांडत बसली. २००६ ला सीबीसी टीव्हीनं हे बाहेर काढलं, तेव्हा असं दिसलं की सात-आठ वर्षांत मोठी बक्षिसं लागलेले दुकानदार आणि त्यांचे नोकर जवळपास दोनशे, आणि गणितानं लागायला पाहिजे होते साधारण ५७. मग २००७ ला तिथल्या लोकपालानं, आंद्रे मारिन यांनी, लॉटरीला धू धू धुणारा अहवाल दिला.

त्यावर उपाय काय झाले बघा, फार हायफाय नाही. गिऱ्हाइकाकडं तोंड करून स्क्रीन लावली, बक्षीस लागलं की मशीन गाणं वाजवतं, तिकिटावर आधी सही करायची, आणि गिऱ्हाइकानं स्वतः तिकीट तपासायचं वेगळं यंत्र. मला हे लई आवडतं, कारण हे बसवायला कुठली मोठी सिस्टिम लागत नाही आणि प्रामाणिक दुकानदाराला तर उलट बरंच, कुणी त्याच्यावर संशयच घेत नाही.

दुसरं टेक्सासचं. एप्रिल २०२३ ला एका टोळक्यानं लागू शकणारे जवळपास सगळेच्या सगळे २ कोटी ५८ लाख नंबर विकत घेतले आणि साडेनऊ कोटी डॉलरचा जॅकपॉट नेला. हे जमलं कसं, तर मोजक्या चार विक्रेत्यांना डझनावारी जादा मशीनं मिळाली आणि लॉटरीवाल्यांनी ती विनातक्रार दिली. त्यावरून एवढा बोभाटा झाला की २०२५ ला तिथल्या विधिमंडळानं लॉटरी कमिशनच बंद करून काम दुसऱ्या खात्याकडं दिलं. विक्री सोपी करणारं स्टँडर्ड आणायचं असेल तर कुठल्या दुकानातून अचानक किती तिकिटं निघायलेत हे बघणारा डोळा पण त्यातच पाहिजे, नाहीतर सोय चोरालाच जास्त.

आपल्याकडं या. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ ची, केरळची त्याआधीची, पहिली सोडत २६ जानेवारी १९६८. आपली सगळी रचना १९९८ च्या लॉटरी कायद्यावर चालते, त्यात तिकीट सरकारनंच छापायचं, सोडत सरकारनंच काढायची, एका आकड्यावर बक्षीस नाही, हे सगळं आहे. विक्री मात्र वितरक आणि एजंटामार्फत चालते. म्हणजे तुमच्या काउंटरपर्यंत येईस्तोवर मधी दोन-तीन हात, आणि तुमचा हिशेब लॉटरी खात्याशी नसतोच, तो असतो वरच्या एजंटाशी. अमेरिकेत जो दुकानदार-लॉटरी सरळ धागा आहे तोच इथं नाही, मग एपीआय (दोन सॉफ्टवेअरना जोडणारा दुवा) जोडणार कुणाला? आपल्या कागदी तिकिटाला अमेरिकेचं विक्रीचं स्टँडर्ड आणून काही फायदा नाही, असं माझं स्पष्ट मत.

पण हिशेबाचा भाग उद्या आणता येईल. सोडतीचा निकाल सरकारनं पीडीएफच्या जोडीला सॉफ्टवेअरला वाचता येईल असा द्यावा, तिकिटावरचा कोड कुणीही मोबाइलवर स्कॅन करून खरं का खोटं, लागलं का नाही ते बघावं, आणि कुठली सिरीज कुठल्या एजंटाकडून कुठल्या स्टॉलवर गेली ह्याची नोंद राहावी. एवढ्यानं दोन धंदे बंद पडतील. एक म्हणजे झेरॉक्स मारून आणलेलं तिकीट घेऊन छोटं बक्षीस मागणारे. दुसरा, लॉटरीची पाटी लावून आत मटका चालवणारे, कारण त्या नोंदीवरून स्टॉल खरा का खोटा हे गिऱ्हाइकाला तिथल्या तिथं दिसेल. आमच्या नांदेडात काय आणि तुमच्या जालन्यात काय, बसस्टँडच्या आजूबाजूला अशा पाट्या कुणी बघितल्या नाहीत? आणि त्यांच्यामुळं सरळ धंदा करणाऱ्याकडं पण लोक तसंच बघतात.

आता तुमचा मूळ सवाल, ठेवावी का. कराचं ओझं बघा. १ मार्च २०२० पासून लॉटरीवर सरसकट २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. कर वाढला की एकतर तिकीट महागतं, नाहीतर बक्षीस नाहीतर कमिशन कमी होतं, आणि ह्या तिघांत सगळ्यात कमी आवाज कुणाचा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. कमिशन वर्षाला २० हजारांच्या वर गेलं तर २ टक्के टीडीएस कापला जातो, तेव्हा पॅन द्या आणि रिटर्न भरताना तो मागून घ्या, कित्येक जण सोडून देतात.

एजंटाला तीन गोष्टी विचारा आणि कागदावर घ्या. शिल्लक राहिलेली तिकिटं सोडतीच्या आधी परत घेणार का तुमच्या माथी मारणार. तुम्ही काउंटरवर दिलेल्या छोट्या बक्षिसाचे पैसे किती दिवसांत परत देणार, रोख का पुढच्या तिकिटांत वळते करून. आणि तिकीट देताना सिरीज आणि नंबरसकट चलन देणार का. तिसऱ्याला जो एजंट म्हणतो, कामून भौ, आपल्यात कशाला कागद, त्याच्याकडून घेऊ नका.

घेतलीच तर बिलिंगमध्ये लॉटरी वेगळ्या खात्यात ठेवा, किराण्यात मिसळू नका, रोज पहिला आणि शेवटचा नंबर लिहा, आणि तिकीट विकताना गिऱ्हाइकाला मागं नाव आणि सही करायला लावा. दिवाळी बंपरच्या वेळी थोडी तिकिटं घेऊन बघा आधी, लगेच नेहमीचा स्टॉल लावायच्या भानगडीत पडू नका. आणि ह्या उत्तरात काही जुनं झालं असेल, कराचे दर विशेषतः, तर तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.