मावशींना भेटीपेक्षा काम हवं असेल

मावशी गिरगावातल्या चाळीतून बोरिवलीच्या वृद्धाश्रमात आल्या, तीन महिने झाले तरी कुणाशी बोलत नाहीत, आणि आश्रमवाल्यांना विचारलं तर ‘आमच्याकडे कार्यक्रम भरपूर असतात’ असं उत्तर मिळतं, हे तुम्ही लिहिलंय. मी अकरा वर्षं दर गुरुवारी अशाच एका आश्रमात जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कार्यक्रम असतातच. भजनी मंडळ येतं, कुणाच्या वाढदिवसाचं जेवण येतं. पाहुणे दुपारी निघून जातात आणि मग संध्याकाळ सरता सरत नाही. चाळीत मावशींकडे कुणी मुद्दाम भेटायला येत नसेल. दार उघडं असायचं, गॅलरीत तांदूळ निवडता निवडता बोलणं व्हायचं. त्यांचं तुटलंय ते हे.

सगळ्यात आधी कान तपासून घ्या. अबोल झालेल्या कितीतरी आज्यांना मुळात नीट ऐकूच येत नसतं. चारदा ‘काय?’ विचारायचा संकोच वाटतो, मग माणूस गप्प बसतो. कधी नुसता मळ साचलेला असतो. ऐकायचं यंत्र असलं तर त्याचा छोटा सेल आठवडा-दहा दिवसांत संपतो, आणि तो बदलायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. जेवताना शेजारी कोण बसतं तेही बघा. दोन्हीकडे कमी ऐकणारे असतील तर जागा बदलून मागा.

मग त्यांच्या हाताला काम द्या. आश्रमात ताट समोर येतं, कपडे धुऊन येतात, पण आपल्यावाचून कुणाचं अडत नाही हे फार खोल लागतं. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात काही जणांना रोप निवडून ते स्वतः सांभाळायला दिलं, छोटे निर्णयही त्यांच्यावर सोपवले. ज्यांचं सगळं कर्मचारी करत होते, त्यांच्यापेक्षा ही मंडळी जास्त आनंदी आणि उत्साही दिसली. आमच्याकडचे एक गिरणीतून निवृत्त झालेले आजोबा वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. दृष्टी गेलेल्या दोघांना रोज पेपर वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हापासून सकाळी पेपर उशिरा आला की ते फाटकापर्यंत जातात. मावशींना देवघराच्या वाती वळायला द्या, मटार सोलायला द्या. व्यवस्थापक ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणतील. तरी मागे लागा.

तुमची भेट छोटी चालेल, पण वार पक्का ठेवा. न सांगता महिन्यातून एकदा दिवसभर येण्यापेक्षा दर बुधवारी चारला अर्धा तास बरा, कारण मंगळवारपासून वाट बघायला काहीतरी असतं. जमणार नसेल त्या बुधवारी चारलाच फोन करा.

एक मात्र सांभाळा. जेवण सुटलं, झोप उडाली, ‘आता पुरे झालं’ असं त्या वारंवार म्हणायला लागल्या, तर त्याला एकटेपणा समजून थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

येत्या भेटीत चाळीतल्या जुन्या शेजारणीला सोबत घेऊन जा. आणि पर्समध्ये सेलचं एक पाकीट असू द्या.