बाई म्हणजे झाडू? चिनी अक्षराची भानगड

प्रश्न : चिनी भाषेत विवाहित बाईसाठी जे जुनं अक्षर आहे त्यात म्हणे बाईच्या हातात झाडू दाखवलाय. हे खरंय का, की नुसतीच फॉरवर्ड केलेली गोष्ट?

उत्तर : झाडू आहे, खरंच आहे. त्या अक्षराचा उच्चार 'फू', डावीकडे बाई आणि उजवीकडे झाडू. श्यू शन नावाच्या पंडिताने इ.स. १००च्या सुमारास चिनी अक्षरांचा मोठा कोश केला, त्यात त्याने सरळ लिहून टाकलं की फू म्हणजे सेवा करणारी, आज्ञेत राहणारी, झाडू धरलेली बाई. झालं, तेव्हापासून सगळे तेच सांगत आलेत.

पण गंमत अशी की हे अक्षर श्यू शनच्याही हजारेक वर्षं आधीचं आहे. शांग या चीनच्या प्राचीन राजघराण्याच्या काळात हाडांवर आणि कासवाच्या कवचावर शकुनाचे प्रश्न कोरायचे, तिथे बरेचदा नुसता झाडूच काढलेला असतो आणि तो राजघराण्यातल्या बायकांच्या नावाआधी पदवीसारखा येतो! त्यातली सगळ्यात गाजलेली फू हाव, राजा वू दिंगची राणी. एका हाडावर तर तिच्याकडे १३,००० सैन्य दिल्याचा उल्लेख आहे. १९७६ला आनयांगला, म्हणजे शांगांच्या जुन्या राजधानीच्या जागी, तिची कबर सापडली, कोणी लुटलेली नव्हती, त्यात ४६८ ब्राँझच्या वस्तू, ७५५ जेड या मौल्यवान दगडाच्या, शिवाय सेनापतीचा मान दाखवणाऱ्या भल्यामोठ्या कुऱ्हाडी. आता हिला घर झाडणारी म्हणायचं का तुम्हीच ठरवा. मला तरी वाटतं की श्यू शनने अक्षराचा अर्थ कमी आणि आपल्या काळातल्या सासूबाईंची अपेक्षा जास्त लिहिली.

चीनमध्ये १९५६पासून अक्षरं सोपी केली त्यात या झाडूचा वरचा तुकडा तेवढा उरला, तैवान हाँगकाँगमध्ये मात्र अजून अख्खा आहे.

आणि हो, यातूनच बनलेला 'फून्यू' हा शब्द, म्हणजे महिला, तो सरकारी कागदांवर आणि महिला संघटनेच्या नावात अजून जोरात आहे, ८ मार्चच्या महिला दिनालाही तोच. पण तरुण मुलींना तो काकूबाई वाटतो, त्यामुळे शॉपिंगवाल्यांनी त्या दिवसाचं नाव देवी दिन, राणी दिन असं काहीबाही करून टाकलंय आणि कॉलेजच्या मुली तर एक दिवस आधीच, ७ मार्चला, आपला वेगळा मुलींचा दिवस करतात.