पिठाच्या डब्यामागचा कप

'मावशी, आम्ही शिवाजी पेठेत एकत्र कुटुंबात राहतो. मुलगा आठ वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. संध्याकाळी मोबाइल काढून घेतला की याची आदळआपट सुरू, बहिणीला ढकलतो. समजावून झालं, ओरडून झालं. "रविवारी रंकाळ्यावर नेणार नाही" म्हणूनही झालं, पण शेवटी नेतोच. गेल्या महिन्यात रागाच्या भरात लाटण्यानं मारलं, हातावर वळ उठला. आठ दिवसांनी त्याच्या हातून पाहुण्यांच्या सेटमधला कप फुटला. पूर्वी काही फुटलं की रडत माझ्याकडंच यायचा. यावेळी काचा पिठाच्या डब्यामागं लपवल्या आणि म्हणाला, मांजरानं पाडला. मिस्टर म्हणतात, "आम्ही वस्तादांचा मार खाल्ला म्हणून माणसात आलो." सासरे निवृत्त शिक्षक, त्यांचंही तेच मत. न मारता वळण लावायचं तरी कसं?'
– एक आई, कोल्हापूर

ताई,

तुमचं पत्र वाचताना लाटण्यापाशी थांबले नाही, त्या कपापाशी थांबले. मार खाऊन पोरगं कप नीट धरायला शिकलं नाही, काचा लपवायला शिकलं. आणि त्या काचा होत्या कुठं, तर दीड वर्षाचं लेकरू दिवसभर फिरतं त्या स्वयंपाकघरात. मारावर याहून जास्त मी काही बोलत नाही, तुम्हाला ते कळलंय म्हणूनच तुम्ही लिहिलंत.

आता मिस्टरांचं. त्यांना एकदा निवांत विचारा, तालमीत रोज काय व्हायचं? पहाटे ठरल्या वेळी उठायचं, लाल माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, एकच डाव महिना महिना घोटायचा. चुकला की वस्ताद हात धरून पुन्हा दाखवायचे. फटका कधीतरी बसला असेल, आणि कधीतरी बसला म्हणूनच तो लक्षात राहिला. पण अंग घडलं ते रोजच्या मेहनतीनं. श्रेय मात्र सगळं फटक्याला! (आमच्या घरातही हाच हिशेब चालायचा.)

सासऱ्यांना सांगायला तुम्हाला अवघड जाईल, म्हणून माझं नाव पुढं करा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १७ नं शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी घातली. हे कलम शाळेसाठी आहे, घरासाठी नाही. पण परक्या पोरावर जो हात उचलायचा नाही, तो आपल्याच नातवावर का उचलावा, एवढं त्यांना विचारता येईल. आणि ते कोल्हापूरचे शिक्षक, तेव्हा त्यांना ठाऊकच असणार: शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत आलं नाही तर महिना एक रुपया दंड पालकाला होता, पोराला नाही.

आता संध्याकाळ. शाळा, मग ट्यूशन, आणि घरी येतो तेव्हा पोटात कावळे. त्यात खेळ रंगात असताना हातातून मोबाइल ओढला तर मोठ्या माणसाचंही डोकं फिरेल. रागाला ब्रेक लावणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हे तर आठ वर्षांचं पोर. आधी खायला द्या, चपाती-गूळ चालेल. मोबाइल किती वेळ ते हातात देण्याआधीच ठरवा. संपायच्या पाच मिनिटं आधी जवळ जाऊन सांगा, स्वयंपाकघरातून हाळी घालून नको. वेळ झाली की मोबाइल त्याच्याच हातानं आजोबांच्या कपाटात ठेवायला लावा. पहिले आठ-दहा दिवस तमाशा होईल, तेव्हा सगळ्या घराचं बोलणं एकच पाहिजे. आजीनं हळूच मोबाइल दिला की मुसळ केरात.

बहिणीला ढकललं तर भाषण नको. मध्ये जाऊन त्याचा हात धरा, 'ढकलू देणार नाही' म्हणा आणि आधी धाकटीला उचला. तो शांत झाल्यावर बोला, तेही दोन वाक्यांत. शाळेतूनही मारामारीच्या तक्रारी येत असतील तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, त्यात कमीपणा नाही.

रंकाळ्याचं वाचून मला हसू आलं. रविवारी भेळ तुम्हालाही खायची असते, मग धमकी टिकणार कशी? आईचं बोलणं शनिवारपर्यंतच खरं असतं, हे पोरानं ओळखलंय. जे पाळता येणार नाही ते बोलू नका. 'पप्पा येऊ देत, मग बघ' हेही बंद करा, दमलेल्या बापाला घरात शिरताना फौजदार कशाला करता? शिक्षा त्या चुकीशी जोडलेलीच असू दे. दूध सांडलं तर फडकं त्याच्या हातात. वेळ झाल्यावर मोबाइल सोडला नाही, तर उद्याची तेवढी मिनिटं कमी.

आणि पुढचा कप फुटेल, तेव्हा पहिलं वाक्य 'कुणी फोडला?' हे नको, 'लागलं का?' हे असू दे. मग काचा तुम्ही उचला, सुपली त्याला धरू द्या. खरं सांगितलं तर त्या दिवशी रागावणं नाही, हे आधीच सांगून ठेवा आणि जीभ चावून पाळा. तुमचाच हात शिवशिवायला लागला तर पोराला आजीकडं सोपवून सरळ गच्चीवर जा. एकत्र कुटुंबाचा इतका तरी फायदा घ्या.

एक काम मात्र तुमच्याकडून राहिलंय. आज रात्री अंथरुणावर त्याला म्हणा, 'लाटण्यानं मारलं ते माझं चुकलं.' पुढं 'पण तू सुद्धा...' जोडू नका. तो बहुतेक काही बोलणार नाही, कूस बदलून झोपेल. झोपू द्या.

– तुमची मावशी