पेन्सिल घेऊन ये

बाय,

तुझा मेसेज मंगळवारी रात्री वाचला, आणि तू पाठवलेला रेकॉर्डिंगचा तुकडा तीनदा ऐकला, एकदा मोबाइलवर आणि दोनदा हेडफोन लावून. गातेस चांगलं, ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर बोलत नाही. तू विचारलंयस की परीक्षा झाली की लगेच मुंबई गाठून कोरसमध्ये शिरू का, आणि अरेंजर, म्हणजे चालीला वादकांचे आणि कोरसचे भाग लिहून देणारा, व्हायला नक्की काय लागतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

लिहिता यावं लागतं. सिनेमाच्या संगीतात आपल्या गोव्याची एवढी माणसं शिरली ती काय सगळी गंधर्व होती म्हणून नाही. पोर्तुगीज काळापासून इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळांत पोरांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर बघून गाणं, शिकवायचे, हातात व्हायोलिन द्यायचे, त्यामुळे ही माणसं बघून वाजवायची आणि ऐकलेलं कागदावर उतरवायची. संगीतकार पेटीवर चाल बांधणार, आणि ती पन्नास वादकांना एकाच वेळी कळणार ती त्या कागदामुळेच. अरेंजर सेबॅस्टियन डिसोझांनी संगीतकार शंकर-जयकिशनकडे वर्षानुवर्षं हेच केलं. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, त्यांचं नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात आलं आणि देशभर झालं, पण हा माणूस खरा आहे, व्हायोलिन वाजवतो, हे गाणं म्हणणाऱ्यांतल्या कितीजणांना माहीत होतं? पडद्यावर अरेंजरचं नाव एक तर यायचंच नाही, नाहीतर 'सहाय्यक' म्हणून कुठेतरी कोपऱ्यात. नावाचं पुढे सांगतो, ते विसरू नकोस.

तुझं एक बरं आहे, तुझ्याकडे दोन्ही कान आहेत. देवळातल्या भजनात वाढलीस आणि कॉयरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गातेस. पण तुझ्या तुकड्यात हे दोन कान एकमेकांशी बोलतच नाहीत बघ! चाल सरळ यमन रागाची, आणि तिसऱ्या ओळीला तू पुस्तकातली चौथी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर, टाकलीस, म-ध-सा, म्हणजे शुद्ध मध्यम आला आणि यमन तिथेच गेला. रे, तीव्र म, ध घेऊन बघ, नाहीतर त्या जागी आल्टोला आणि टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाला, नुसतं सा-प धरून ठेवायला सांग आणि वरची ओळ मोकळी सोड. प्रत्येक मात्रेला कॉर्ड बदलायलाच हवी असा काही सरकारी नियम नाही. आपलं कोंकणी गाणं, मांडो, ऐक, बहुतेक वेळा दोनच आवाज, तिसऱ्या नाहीतर सहाव्या सुराच्या अंतराने चाललेले, आणि किती भरल्यासारखं वाटतं! लेंटमधली, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतली, मोतेत ही चर्चमधली गाणीही ऐक, पण मागे बसून, मोबाइलवर नाही.

आता माझी फजिती सांगतो. मुंबईतलं माझं दुसरंच काम, बारा जणांचा कोरस, गाणं काळी दोन पट्टीमध्ये. मी रात्रभर बसून पार्ट लिहिले आणि सोप्रानोला, बायकांच्या वरच्या आवाजाला, वर अगदी टोकाला नेऊन ठेवलं, कारण कीबोर्डवर ते फार गोड लागत होतं. सकाळी मुख्य गायिका आली, म्हणाली आज काळी तीनमध्ये, म्हणजे आणखी वरच्या पट्टीत, गाते. झालं! बायकांचा आवाज वर चिरकायला लागला आणि संगीतकार काचेपलीकडून माझ्याकडे बघतोय. वीस मिनिटं मिळाली, चहाच्या टेबलावर बसून सोप्रानोची ओळ आल्टोच्या जागी आणि आल्टोची टेनरला असं सगळं उलटंपालटं केलं, घाम टपकत होता कागदावर, आणि शाई पसरली. तेव्हापासून पेन नाही, पेन्सिलच. आणि तेव्हापासून मी कुठलाही पार्ट लिहिताना वर-खाली दीड-दोन सूर मोकळे ठेवतो, कारण पट्टी ठरवणार गाणारा, तू नाहीस.

कीबोर्डला श्वास लागत नाही, हे लक्षात ठेव. लांबच लांब 'आ' कॉम्प्युटरच्या पडद्यावर छान दिसतो, माणसाला मधे श्वास हवा. तो कोण कुठे घेणार ते लिहून द्यायचं, म्हणजे एक घेत असताना बाकीचे चालू राहतात. ओळीच्या शेवटचा 'स' सगळ्यांनी म्हटला तर साप आल्यासारखं होतं, एकदोघांनाच द्यायचा. 'भ', 'फ' माइकवर फटकन आपटतात, तिथे तोंड जरा बाजूला. आणि हल्ली सहा-आठ जणच बोलावतात, तेच तेच तीन-चारदा गाऊन घेतात आणि थर लावून मोठा कॉयर करतात, म्हणून प्रत्येक वेळी जागा बदलून उभं राहायचं आणि शक्य असेल तर पार्टही बदलायचे. नाहीतर आठ माणसं चारदा ऐकू येतात, बत्तीस नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र सगळ्यांनी एकत्र घ्यायची असेल तर कुठे सुरू, कुठे संपते ते मात्रेवर बांध, नाहीतर प्रत्येकाची घसरगुंडी वेगळी!

हां, नावाचं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, गायक-वादकांना परफॉर्मर, म्हणजे सादर करणारा कलाकार, म्हणून रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण त्यात एक पाचर आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ समजलं जातं आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला कायदा जवळजवळ परफॉर्मरच धरत नाही. कोरसवाले नेमके तिथेच लटकतात. म्हणून गाण्याआधी विचारायचं, नाव येणार का, कसं येणार, आणि ते ईमेलवर घ्यायचं. लाज वाटते, मलाही वाटायची, पहिली दहा वर्षं मी विचारलंच नाही आणि मी केलेल्या कामांची यादी आज मला स्वतःलाच सिद्ध करता येत नाही.

मग मुंबई? जा, पण वर्षभराने. तोवर दर आठवड्याला आठ बार, म्हणजे तालाची आठ घरं, लिही, चार आवाजांना, आणि जिवंत माणसांकडून गाऊन घे. तुझी कॉयरची मंडळी आहेत, भजनातल्या दोन मावश्या धर, त्यांना नोटेशन येत नाही तर सरगम लिहून दे. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी दोन्ही विभाग आहेत, दोन्हीकडच्या पोरांशी ओळख कर, पुढे हीच माणसं फोन करतात. खर्च काय, चहा-बटाटवड्याचा.

रविवारी चारनंतर मी घरीच आहे. त्या तुकड्याची तिसरी ओळ दोन तऱ्हेने लिहून आण, एकात कॉर्ड, एकात नुसता सा-प. गाऊन बघू. पेन्सिल आणि खोडरबर तुझं तू आण, माझं नातवाने पळवलंय.

तुझा काका