तिवराच्या एका पानापासून सुरुवात कर

पोरी,

सप्रेम आशीर्वाद. सहावीच्या मुलांना ऐरोलीला खाडीकाठी नेऊन परिसंस्था शिकवणार आहेस, त्यासाठी केलेला तक्ता पाहिला. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड आणि मधे बाण. चित्रं सुरेख झालीत, पण तक्ता घरीच ठेव. मुलं बाण पाठ करतील, पेपरात काढतील आणि मोकळी होतील. ‘परिसंस्था’ हा शब्दही पहिला तासभर तोंडातून काढू नकोस. त्यांच्या हातात तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतल्या झाडाचं, एक पान दे.

पानावर बारीक पांढरे कण चमकताना दिसतील. ते मीठ. तिवर खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. (मुलांना चाटून बघायचा मोह होणारच. आपल्या खाडीत काय काय येऊन पडतं ते बघता बोटाला खरखर लागली की पुरे.) मग विचार: हे पान खातं कोण? वर बघू दे त्यांना. कधीमधी अळ्यांची धाड पडते आणि झाडं उघडी होतात, पण एरवी बहुतेक पानं कुणी न खाता पिवळी होऊन गळतात. खरी पंगत बसते ती खाली, चिखलात.

इथे घाई करू नकोस. ओहोटीला बांधावर सगळ्यांना पाच मिनिटं गप्प उभं कर. आपली चाहूल लागली की खेकडे बिळात जातात, आपण हललो नाही की एकेक बाहेर येतात. ज्याचा एक नांगा अंगापेक्षा मोठा वाटतो आणि जो तो सारखा हलवत असतो, तो नर. तो पान खात नाही. चिखलाचा घास तोंडात घेतो, त्यातलं शेवाळ आणि कुजकट गाळून घेतो आणि उरलेल्या चिखलाची गोळी बाहेर ठेवतो. बिळाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात. त्या मुलांना दाखव, तक्त्यातला कुठलाच बाण इतकं सांगणार नाही. पान बिळात ओढून नेणारे खेकडे वेगळे. ते पान फाडतात, थोडं खातात, उरलेल्या तुकड्यांवर बुरशी आणि जिवाणू बसतात. ताज्या पानापेक्षा हे कुजलेले, जिवाणूंनी माखलेले तुकडे जास्त पौष्टिक असतात. त्यावर गोगलगायी, किडे आणि कोलंबीची पिल्लं जगतात. बोय मासाही तोंडानं चिखल चाळत तेच खातो. बोय आणि कोलंबी जिताडा या मोठ्या माशाच्या पोटात जातात आणि जिताडा आपल्या. काल कुणाच्या घरी कोलंबी होती ते विचार. हात वर झाले की गळलेलं पान त्यांच्या ताटापर्यंत नेऊन पोचव. कोलंबीच्या कितीतरी जाती बालपण खाडीत काढून समुद्रात जातात, त्यामुळे बोटीवर पकडलेल्या कोलंबीतही तिवराचा वाटा असू शकतो.

पुस्तकात एका ओळीत उरकलेली एक गोष्ट मात्र नीट सुटी करून सांग. पदार्थ फिरत राहतात, ऊर्जा फिरत नाही. जिताडा मेला की तोही चिखलातच कुजतो आणि त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस तिवराची मुळं पुन्हा उचलतात. ऊर्जेचं तसं नाही. ती उन्हातून येते आणि पोहण्यात, श्वास घेण्यात, पळण्यात खर्च होऊन उष्णता म्हणून निघून जाते. खाल्लेल्यातला ढोबळमानानं दहावा हिस्साच अंगाला लागून पुढच्या खाणाऱ्यासाठी उरतो. म्हणून शंभर किलो कुजक्या पाल्यावर दहा किलो कोलंबी, आणि तिच्यावर किलोभर जिताडा. जिताडा महाग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं बाजारात.

मुलं नाकं दाबतील. दाबू देत, पण वासाचं कारण सांग. वरचा पातळ थर सोडला तर या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू त्याच्याशिवाय काम भागवतात आणि सडक्या अंड्याचा वास येणारा वायू सोडतात. म्हणूनच तिवराची पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून वर डोकं काढून हवा घेतात. कुणी बांध घालून भरती-ओहोटी अडवली आणि पाणी साचून राहिलं, तर ही मुळं बुडतात आणि झाड उभ्याउभ्या मरतं. कुऱ्हाड लागतच नाही.

फ्लेमिंगो दिसले की तुझं कुणी ऐकणार नाही, हे गृहीत धर. आपल्या या ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यात या पाहुण्यांचा वाटा मोठा. पण ‘फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी निरोगी’ असं सांगू नकोस. लहान रोहित ही फ्लेमिंगोचीच एक जात, तो चोच उलटी करून पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, आणि शहराच्या सांडपाण्यातल्या खतावर ते शेवाळ पोसतं. घाण वाढली की एखाद्याचं फावतं, दुसऱ्याचं मरण ओढवतं. निसर्गाचा समतोल वगैरे भाषा मला म्हणूनच फारशी पटत नाही. दिवसातून दोनदा जिथे पाणी येतं-जातं, तिथे स्थिर असं काय असणार?

एखादा पोरगा हटकून विचारेल, ‘डासांचा काय उपयोग?’ त्याला म्हण, डास कुणाच्या उपयोगासाठी जन्मत नाही. त्याच्या अळ्या कोण खातं आणि त्या काय खातात, एवढं शोधून आण.

आता कामाचं. तारीख शाळेच्या सोयीनं धरू नकोस, तिथी बघ. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर तीन-चार दिवसांनी सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओहोटी मिळते. खाडीत आत जाल तसा उशीर होतो, म्हणून आदल्या दिवशी तिथल्या कोळ्यांना वेळ विचारून ये. मुलांना बांधावरून खाली उतरवू नकोस, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. दोन भिंगं पुरतील, जास्त दिलीस तर भांडणं होतात. आणि पालकांना आधीच कळव, जुने कपडे घालून पाठवा. खाडीच्या चिखलाचा डाग सहजासहजी जात नाही.

तुझा,
काका