कॉम्प्युटरच्या छोट्या केससाठी (कॅबिनेटसाठी) प्रोसेसरचा शांत कूलर निवडताना

आधी कूलर नको, केस बघा. तिच्या माहितीत कूलरची कमाल उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ती ओलांडली की झाकण बसत नाही.

आवाज मुख्यतः पंख्याच्या वेगाचा. ३७ मिमी उंचीचा नॉक्टुआ कंपनीचा एनएच-एल९ कूलर देखणा आहे, पण गरम प्रोसेसरवर त्याचा ९२ मिमीचा पंखा जोरात पळणारच. जागा असेल तर १२० मिमीचा पंखा घ्या, तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत ढकलतो. प्रोसेसर ६५ वॉटचा, म्हणजे कमी तापणारा, असेल तर काम आणखी सोपं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) कूलरला जुळतं का, हे न तपासणं
- कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म तशीच ठेवणं (हसू नका, होतं!)
- बायोसमधला (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमधला) फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल ते, न बघणं. पंखा सतत वरखाली होत असेल तर बहुतेक वेळा दोष तिथेच.

हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) किती, पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची) कुठली, हे सध्या सोडा. केसचं मॉडेल सांगा, मग नेमकं बोलू.